हिंगणीच्या आबाजींचा हललेला फोटो

मेलेल्या माणसाला हलवायची करामत तुमच्यापैकी कोणी केली आहे? मी केली आहे! तीही त्याच्याच तेरवीला, भरल्या ओसरीत. चहा घ्या, सांगतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी वर्ध्याला नकाशे काढायच्या नोकरीत, नालवाडीत खोली. सुट्टी आली की गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि देवळं, वेशी, कमानी टिपत हिंडायचं. रात्रीचे फोटोसुद्धा स्टँडशिवाय, नुसत्या हातावर! कोणी विचारलंच तर म्हणायचो, "स्टँड कशाला? माझा हात म्हणजे दगड!" काय तो तोरा!

त्रिपुरी पौर्णिमेला हिंगणीकडे गेलो. एका देवळाची दीपमाळ पेटली होती. श्वास रोखून फोटो काढत राहिलो. रोलमध्ये शेवटचा एक उरला, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला.

"तुमीच का फोटोवाले?"

माझी छाती फुगली. आपलं नाव हिंगणीपर्यंत पोचलं की! "हो, मीच."

"मंग चाला न लवकर! आबाजी कवाचे वाट पाहून राह्यले."

मला वाटलं, कोणी हौशी म्हातारा असेल, आपलं जुनं घर दाखवायला बोलावतोय. वाटेत मी आपला विचारतोय, "दारावर नक्षी आहे का हो?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

ओसरीत शिरलो, तर आबाजी भिंतीशी आडवे. नाकात कापूस, उशाशी दिवा. सेलूहून बोलावलेला फोटोवाला आलाच नव्हता. मला घेऊन आलेला माणूस म्हणजे त्यांचा मुलगा, रामभाऊ.

"जितेपणी एक फोटो नाई काढला त्याईनं," तो हळूच म्हणाला. "सकाळी न्या लागते. बहीण तोवर पोचते का नाई, भरवसा नाई. तिले तोंड तरी दिसन."

सांगावं की नाही तेव्हाच, की बाबा, मी देवळं काढतो, माणसं नाही? पण त्या घरात तोंड उघडेना. फ्लॅश जवळ नाही, उजेड एका कंदिलाचा. शटर बराच वेळ उघडं ठेवणं आलं. "कोणी हलू नका," म्हणालो. सगळे दगड झाले. आबाजींना तर सांगायलाच नको होतं!

घरी फोटो धुतला आणि घाम फुटला. भिंत दुहेरी, कंदील दुहेरी, आबाजींना दोन नाकं! मग मी काय केलं असेल? शहाणपणा! भिंत कापली, कंदील कापला, नुसता चेहरा ठेवला. म्हटलं, एवढं खपून जाईल.

तेरवीला फोटो घेऊन गेलो. रामभाऊची बहीण सुमनबाई, जिला बापाचं तोंड दिसलं नव्हतं, तिनंच तो आधी हातात घेतला. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"बाबा हलले काऊन यात?"

कोणीतरी मला विचारलं, "तुमचा हात तं नाई हलला, भाऊ?"

आणि मी, महामूर्ख, एवढ्या लोकांत म्हणालो, "माझा? छे! माझा हात म्हणजे दगड!"

झालं! सुमनबाईनं किंकाळीच फोडली. "मंग बाबाच हलले! जिते होते माहे बाबा! जिताच जाळला रे तुनं!"

रामभाऊ मटकन खाली बसला. "मी अग्नी देल्ला... माह्या हातानं देल्ला..." एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. एक मामा लगेच पुढे आले. "बोट हालताना मीबी पाह्यलं होतं त्या राती!"

एका फुशारकीपायी मी चांगल्या मुलाला बापाचा खुनी करून ठेवलं होतं!

"अहो, माझाच हात हलला!" मी ओरडलो. "भिंतसुद्धा हलली होती! मी कापली ती!"

"भिंत कुठी हालते का?" मामा म्हणाले. "मन राखून राह्यला आपलं."

आता खरं बोलायची सोयच उरली नव्हती.

कोपऱ्यात आबाजींची बायको बसली होती. नवरा गेल्यापासून ती कोणाशी बोललेली नव्हती. ती उठली, आत गेली आणि काठोकाठ भरलेली कपबशी माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर. हालवू नको."

कप बशीवर तडतड वाजायला लागला! चहा बशीत, बशीतून मनगटावर, मनगटावरून पँटवर. अख्खी ओसरी तो आवाज ऐकत होती. मी जितकं घट्ट धरू पाहावं, तितकी तडतड जास्त. रामभाऊनं मान वर केली. माझ्या थरथरत्या हाताकडे तो असा बघत होता, जसा माणूस देवाकडे बघतो. सुमनबाई त्याच्याजवळ सरकली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि दोघं भाऊबहीण पोटभर रडली.

मी लाजेनं फोटो परत मागितला.

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "जिते होते तवाई एका जागी बसत नोते."

मी चपला चढवून सटकत होतो, तेवढ्यात मागून तिची हाक आली.

"बाबू! तूर घरी आली का येजो. चाळायले असाच हात पायजे!"