भिवापूरला मिरची आणायला गेलो आणि प्रमोदचा क्लास पाहून आले

"भिवापूरले मिरची आणाले जायचं काय वं? प्रमोद पण येतो म्हणते," असा रंजूचा फोन आला, तेव्हा मी पुण्याच्या कचेरीत विम्याच्या दाव्यांच्या ढिगाऱ्यात बुडाले होते. मिरची पुण्यातही मिळते. पण साहेबांना अर्ज दिला, आईची तब्येत हे कारण लिहिलं (आई ठणठणीत आहे) आणि शुक्रवारच्या गाडीने निघाले.

आम्ही तिघं दहावीत एकाच गणिताच्या क्लासला सायकलने जायचो. रंजू आता बँकेत आहे. प्रमोद नागपुरातच, नंदनवन भागात पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत स्वतःच गणिताचा क्लास घेतो. सायकलच्या दिवसांत आमचा एक नियम होता, तो अजून चालू आहे. जाताना फक्त फालतू प्रश्न विचारायचे, येताना रडगाणं गायचं. जाताना कोणी अभ्यासाचं बोललं, तर त्याने उरलेली वाट सायकल हातात धरून चालायची. आणि प्रश्नाचं उत्तर पुस्तकात शोधायचं नाही, ज्याचं ते काम आहे त्यालाच विचारायचं. आम्ही एकदा बर्फाच्या कारखान्यात शिरून बर्फाच्या लादीचा मधला भाग पांढरा का असतो ते विचारून आलो होतो. काय सुखाचे दिवस होते ते.

शनिवारी सकाळी सातला तर्री-पोहे खाल्ले. नवख्यांसाठी सूचना: तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पोह्यांचा पत्ता लागत नाही. मग प्रमोदच्या गाडीने उमरेड रोड धरला. रस्ता चांगला आहे, फक्त उमरेडजवळ कोळशाचे ट्रक पुढे आले की ओव्हरटेकची घाई करू नका. भिवापूरला पोचायला चहा धरून दोन तास ठेवा. फेब्रुवारी असला तरी ऊन लागतं, टोपी न्या.

रंजूने पहिला प्रश्न टाकला. "मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांले शिंका काहून नाही येत?"

मी विचारलं की पोस्टाच्या पेटीत चुकून किल्ली पडली तर पोस्टमन काय करतो. मग प्रमोदची पाळी आली. तो बराच वेळ समोर बघत गाडी चालवत होता.

"शेवटच्या दिवशी मास्तर पोराईले काय सांगत असन?"

"सांगते काय, घरचा अभ्यास देते अन् जाते," रंजू म्हणाली.

"अन् खडूचा डबा पिशवीत टाकते, फुकटचा," मी म्हटलं. नागपूर आलं की माझीही जीभ पलटते. आम्ही दोघी पोट धरून हसलो. प्रमोदही हसला.

भिवापूरच्या अलीकडे एक सातरा दिसला. सातरा म्हणजे मिरची वाळवून तिचे देठ तोडायचं मोकळं आवार. सगळी जमीन लाल, आणि बायका ओळीने बसलेल्या. गाडीतून उतरताच मला सात शिंका आल्या. पदर नाकाला बांधलेल्या एका मावशींना रंजूने तिचा प्रश्न विचारला.

"येतेत ना बाई, पयले आठ दिवस," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "मंग नाकाले सवय होते."

प्रमोद त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "अन् सातरा बंद होते त्या दिवशी काय करता, मावशी?"

"काय करावं? झाडून घेतो, चहा पेतो, घरी जातो. पुढच्या साली यायचंच राहते नं."

आम्ही दोन-दोन किलो मिरची घेतली. परतताना उमरेडला पाटोडी-रस्सा आणि भात खाल्ला. तिघांचं जेवण पाचशेच्या आत झालं आणि चवीला तक्रार नव्हती. गाडी सुरू झाली तशी प्रमोदने सांगितलं.

"क्लास बंद करून राहिलो मी. पोरं मोठ्या क्लासेसले जातेत. नववीचे सातच उरले. एका धान्याच्या गोदामात हिशोबाचं काम भेटलं. उद्या शेवटचा दिवस, पोराईले सांगाच लागते, नाहीतर त्याईचं दहावीचं वर्ष बोंबलन."

"मंग सकाळी गंमत काहून केली गा?" रंजूने विचारलं.

"गंमत कुठं केली? जातानी कामाचं बोलता येत नाही नं. म्हणून प्रश्न करून विचारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "वैशू, उद्या येतेस काय? मागं बसजो फक्त."

माझी गाडी संध्याकाळची होती. रविवारी सकाळी नऊला मी त्याच्या क्लासचा जिना चढले, आयुष्यात पहिल्यांदा. दरवर्षी नागपूरला आले की मी खालून रंजूच्या गाडीचा हॉर्न वाजवायचे आणि तो खाली यायचा.

शेवटच्या बाकावर बसले. प्रमोदने प्रत्येकाला, आणि मलाही, एक कागद दिला आणि हवा तसा त्रिकोण कापायला सांगितला. मग तिन्ही कोपरे फाडून, टोकं जुळवून शेजारी-शेजारी ठेवायला लावले आणि खालची कड सरळ रेघेत येते का ते बघायला सांगितलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, माझा लंबाच झाला, याचं नाही होणार."

"करून तर पाह."

तिची सरळ रेघ झाली. माझ्या वेड्यावाकड्या त्रिकोणाचीही झाली. तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी, हे मी शाळेत घोकून मार्क मिळवले होते. कळलं ते त्या बाकावर, पंचेचाळिशीत.

शेवटच्या दहा मिनिटांत त्याने सरळ सांगून टाकलं. मग त्याच मुलीने विचारलं, "दहावीले कोण शिकवन, सर?" त्याने फळ्यावर दोन मास्तरांची नावं लिहिली. "दोघंही चांगले आहेत. मी बोललो त्याईच्याशी. कोणाले कुठं अडलं तर माह्या घरी या." मला मात्र रडू आवरलं नाही.

आता पुण्यात परत दाव्यांचा ढीग आहे. मिरची कुटून डब्यात भरली, रंग सुरेख आलाय. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण खरं सांगायचं तर या प्रवासातलं माझ्याजवळ राहिलं ते भिवापूर नव्हे. वीस वर्षं मी त्याच्या क्लासची थट्टा केली, त्याला 'पाढेवाला' म्हणाले. काल न राहवून त्याला फोन केला.

"प्रमोद, तू फार छान शिकवतोस रे."

पलीकडे गोदामात कोणीतरी पोती मोजत होतं.

"आता सांगून राहिली काय वं, वैशू?"