आबाच्या दारात ओटा नाही

आबा गेला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरमधल्या एका बांधकामावर, एका डॉक्टरीणबाईंना ग्रीक खांब आणि रोमन खांब यांतला फरक समजावून देत होतो. तो मला स्वतःला नीटसा येत नाही, पण हातवारे चांगले येतात. फोन आबाच्या मुलाचा होता. "काका, आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते..." माझे हात खाली आले. बाई म्हणाल्या, "मग आपण कुठले खांब घ्यायचे?" मी म्हणालो, "कुठलेही घ्या," आणि गाडीकडे निघालो. धंद्यात मी दिलेला हा बहुधा पहिलाच प्रामाणिक सल्ला असावा.

आबा माझा चुलतभाऊ, वयानं बराच मोठा. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात कपाशी करायचा आणि मी वास्तुविशारद झालो याचा मला स्वतःला वाटतो त्याहून जास्त अभिमान बाळगून होता. माझं नाव त्यानं टाकूनच दिलं होतं. "इंजनेर, चहा घेस का?" असं तो चार माणसांत मुद्दाम मोठ्यानं विचारायचा. आणि मी त्या अभिमानाची परतफेड काय केली, तर त्याचं धडधाकट धाब्याचं घर पाडलं. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर लाकडी दांड्यांवर अंथरलेली माती, आणि दाराशी लांबरुंद ओटा. वैशाखातही त्या घरात शिरलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा. मी मात्र नुकताच एका परिसंवादात 'खानदेशी घर : धाब्यापासून स्लॅबपर्यंत' या विषयावर बोलून टाळ्या घेऊन आलो होतो, आणि ज्याच्यावर टाळ्या मिळाल्या ते पाडायला हात शिवशिवत होते.

आराखडा काढण्याआधी मी आबाला इमारती दाखवायला फिरवलं. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतल्या नक्षीदार लाकडी माड्या दाखवल्या, मग स्वातंत्र्याच्या आसपासचे गोल सज्ज्यांचे बंगले, मग लोखंडी जाळ्यांत कोंडलेली स्लॅबची खोकी, आणि शेवटी काचेचा नवा कोरा दवाखाना. माझं तोंड अखंड चालू. साक्रीकडच्या एका जुन्या दगडी देवळात मी वर छताची रचना समजावत होतो, तर आबा दिसेना. सभामंडपाच्या कडेला दगडातच घडवलेली बसायची लांबट जागा असते ना, तिथं तो टोपी काढून, पाठ टेकून बसला होता.

"देवनी बी ओटा ठेवेल शे, इंजनेर," तो म्हणाला.

मी खूप हसलो. पुढं कित्येक व्याख्यानांत हा किस्सा सांगितला, लोकही हसले. माणूस काहीतरी मागतो आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

नाही म्हणायला त्यानं सरळही मागून पाहिलं होतं. मी म्हणालो, "आबा, ओटा आता कोणी ठेवत नाही. एलिव्हेशन मरतं, समोरून घराची शोभाच जाते."

"एलिव्हेशन मराले नको," तो गंभीरपणे म्हणाला. "पन मानसं कोठे बसतीन?"

"हॉलमध्ये. सोफा आहे ना."

"चपला काढीसन?"

"काढून."

"मंग कोन्ही येवाव नही," एवढं म्हणून त्यानं विषय सोडला. त्यानं तो सोडला, एवढंच मी ऐकलं.

तर ओट्याच्या जागी गाडी चढवायचा उतार आला, बाजूला गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आणि पुढं चार रोमन खांब. हे खांब आतून पोकळ आहेत. त्यांच्यावर काही उभं नाही, माझी कीर्ती सोडून. पश्चिमेला मी दोन मजली काच लावली. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून घर दाखवायचा आणि सांगायचा, "असं घर बठ्ठा तालुकामा नही." ते खरंच होतं, अख्ख्या तालुक्यात नव्हतं...

मी गावात पोचलो तेव्हा पुतण्याला विचारलं, "वरच्या खोलीतच आडवा झाला होता का रे?" तो खाली बघत म्हणाला, "नाही काका. समोर, लोटन आप्पांकडे. घर तापतं ना. उन्हाळ्यात दुपारी ते तिकडंच झोपायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती." लोटन आप्पा म्हणजे समोरचे शेजारी, आबाचे सोबती. गल्लीत धाब्याचं घर आता त्यांचं एकट्याचंच उरलं आहे. म्हणजे आबानं शेवटचा श्वास मी पाडलेल्या घरासारख्या घरात घेतला, आणि तिथून उचलून त्याला माझ्या खांबांमध्ये आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक दारावर बसायला येऊ लागले. आमच्याकडे दुःखाच्या घरी आत शिरत नाहीत, दारात टेकतात, दोन शब्द बोलतात, उठतात. आता दारात टेकायला होता उतार. म्हातारी माणसं ग्रॅनाइटवरून घसरू लागली, बाकीची रस्त्यात उभी. वहिनी आतून नुसत्या बघत होत्या. शेवटी आप्पांनी आपल्या ओट्यावर सतरंजी अंथरली आणि आबाचं दुःख समोरच्या दारात बसलं. शिरपूरकडचे एक लांबचे मामा आले ते गर्दी बघून थेट ओट्यावर चढले आणि आप्पांच्याच मुलाच्या गळ्यात पडून रडू लागले. आप्पा शेजारीच बसलेले. म्हणाले, "मामा, मी जित्ता शे. समोरना आबा गया." सुतकातही लोकांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. मीही दाबलं. मग लक्षात आलं की हा विनोद माझ्या नकाशातून आला आहे.

गेल्या आठवड्यात आप्पांनी बोलावलं. ओट्यावर बसूनच म्हणाले, "पोऱ्याले नवं घर जोयजे. आबाना घरसारखं. खांब बी तसाच. आबा रोज सांगे, असं घर बठ्ठा तालुकामा नही."

माझी लाज राखायला आबा जे बोलत राहिला, ते आता गल्लीतला शेवटचा ओटा घेऊन जाणार होतं. हो म्हटलं तर ओटा जातो, नाही म्हटलं तर आबा खोटा पडतो.

"आप्पा," मी म्हणालो, "आबा माझ्यासाठी खोटं बोलायचा. ते घर चुकलं. मी चुकवलं."

आप्पांनी समोरच्या त्या चार खांबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाई माले काय सांगस? त्याले सांगाले जोयजे व्हतं."

पुढं त्यांनीच विचारलं, "मंग मना ओटा ऱ्हाई का?" मी म्हणालो, "ओटा राहील. भिंतीही राहतील. नवं काय ते मागं बांधू." आप्पांनी मुलाला चहा सांगितला. आता बसावं म्हणून मी ओट्याच्या कोपऱ्याकडे सरकलो. तिथं चुना दिलेल्या भिंतीवर, माणूस बसला की डोकं टेकेल अशा उंचीवर, तेलाचा गोल काळपट डाग होता.

"तठे नको बसू," आप्पा म्हणाले. "तठे आबा बसस."

मी खालच्या पायरीवर बसलो.