नाष्टा सात ते दहा

कल्याणपासून कर्जतपर्यंत माझ्या मावशीच्या नवऱ्याइतका वसूल करणारा माणूस जन्माला आलेला नाही, हे मी लिहून देते. कॉलेजसाठी मी दोन वर्षं त्यांच्याकडे उल्हासनगरला, कॅम्प तीनला राहिले, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलंय. आता हेच बघा, शेअर रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. पण भाडं गल्लीचं आणि शेवटच्या स्टॉपचं एकच, मग मधे उतरायचं कशाला? काका शेवटच्या स्टॉपपर्यंत बसायचे आणि तिथून चालत मागे यायचे, भाजीच्या पिशव्या घेऊन. रिक्षा सोडली तर माणूस एका जागी बसेल तर शपथ. टीव्हीसुद्धा उभ्याने, कारण बसलं की वेळ वाया जातो.

अशा माणसाला अंबरनाथच्या फॅक्टरीच्या गेटवर बँकेच्या एका टायवाल्याने सोनेरी क्रेडिट कार्ड दिलं. झालं. कार्डाबरोबर छोटं पुस्तक आलं: वर्षातून एक रात्र मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात फुकट, एक्स्ट्रा बेड फुकट, सकाळचा नाष्टा सात ते दहा फुकट. काकांनी ते बुद्धाच्या फोटोमागे ठेवलं आणि रोज काढून लाल पेनाने खुणा करत बसले, म्हणजे उभे राहिले. मावशीचं म्हणणं एवढंच, "मला एक दिवस पाण्याला उठायचं नाही." आमच्याकडे नळ पहाटे चारला यायचा, आणि लग्न झाल्यापासून ती चारला उठत होती.

पण काका जातायत कसले. रूम फुकट, म्हणजे ज्या दिवशी भाडं जास्त त्या दिवशी फायदा जास्त. दर रविवारी पीसीओवरून हॉटेलला फोन. "मॅडम, आपके यहां सबसे महंगी रात कौनसी है?" तिकडून बाई विचारायची, "सर, बुकिंग करना है क्या?" "नहीं, अभी सिर्फ सोच रहा हूं." मावशीने चार वेळा बॅग भरली, चार वेळा रिकामी केली. शेवटी म्हणाली, "अहो, भाडं वाढलं म्हणून गादी मऊ होणारे का?" मुदत संपायच्या अगदी शेवटच्या दिवशी निघालो. मला नेलं ते प्रेमाने नाही, एक्स्ट्रा बेड रिकामा गेला असता.

रूम बाराला मिळणार, काका साडेअकरालाच काउंटरला टेकलेले. रूममध्ये इस्त्री असते म्हणून घरचे आणि शेजाऱ्यांचे मिळून बावीस शर्ट आणले होते, ते सगळे केले. पोहता येत नाही तरी स्विमिंग पूलमध्ये कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभे राहिले. मावशीला लिफ्टने तीनदा वरखाली फिरवून आणलं. आरशावर टाइमटेबल चिकटवलं होतं, त्यात शेवटची ओळ: नाष्टा, सात ते दहा, तिघंही, पूर्ण वेळ.

पहाटे चारला मावशी सवयीने उठून बसली. "पाणी आलं?"

"इथं दिवसभर असतं. झोप," काका म्हणाले. आणि ती झोपली.

सातला काका बूट घालून खुर्चीच्या कडेवर. पाय हलतोय, घड्याळ बघतायत, उठतायत, परत बसतायत. आठ वाजले. मावशी तोंड उघडं टाकून झोपलेली. एवढ्या उजेडात तिला झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. साडेआठला मी हळूच म्हटलं, "काका, उठवू?"

"गप."

"मग मी तरी खाऊन येते."

"दार वाजेल."

नऊला त्यांनी फोनवर टॉवेल टाकला, न जाणो वाजला तर. पावणेदहाला मावशीने कूस बदलली, काका अर्धे उठले, ती परत घोरायला लागली, काका परत बसले. दहा वाजले. काकांनी बूट काढले.

सव्वादहाला मावशी उठली. "अगंबाई, नाष्टा?"

"काही खास नव्हता," काका म्हणाले.

परत आल्यावर रिक्षा शेवटच्या स्टॉपपर्यंतच नेली, हं. माणूस एका सकाळीत किती बदलणार. मावशी पुढे चालत होती, मी शर्टांचा गठ्ठा घेऊन मधे, आणि मागून काका दर चार पावलांवर विचारत होते, "झोप पुरी झाली ना? नीट सांग."

"झाली हो," मावशी दर वेळी म्हणायची. त्यांना काही पटत नव्हतं.