केणीचा खांदेकरी

दुपारी मुलं शिकवणीला यायची आहेत. नागरिकशास्त्राचा धडा, आपला लोकसभा मतदारसंघ. फळ्यावर खाडी, रेल्वेचा रूळ आणि मिठागरं काढून मी खुर्चीत जरा टेकतो. पापण्या जड होतात आणि फळ्यापाशी आमच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता नारायण केणी उभा दिसतो. हातात गेरूचा डबा. दोन वर्षांपूर्वी मी त्याला खांदा दिलाय, तरी नवल वाटत नाही.

"मास्तर, कोळीवाडा राहिला तुझा."

"तो शेजारच्या मतदारसंघात गेला. नवीन हद्दी आखल्या ना."

"मला न विचारता?" तो हसतो.

फळ्याची कारखान्याची भिंत झालेली असते. केणी गेरूने नावं लिहितो, मी मुलांना सांगावं तसं सांगत जातो. आधी कामगारांचा पुढारी निवडून आला, आणीबाणीनंतर तो पडला, मग कारखाने बंद झाले आणि चाळींवरचे झेंडे बदलले. शेवटचं नाव केणी सावकाश लिहितो. मधुकर वैती. केणीच्याच घरी जेवून मोठा झालेला, त्यानेच खासदार केलेला.

भिंतीपलीकडे मैदान आहे. व्यासपीठावर वैती शपथ घेतोय, हे मैदान मुलांचंच राहील. टाळ्या वाजतात. टाळ्या थांबतात तेव्हा ती गर्दी अंत्ययात्रा असते, आणि केणी स्वतःच्याच तिरडीच्या बाजूने माझ्याबरोबर चालत असतो.

"पुढे उजवीकडे कोण रे?"

"मधू."

"गळ्यात उपरणं?"

"आपल्याच पक्षाचं."

त्याचा चेहरा निवळतो. मी इथे थांबू शकलो असतो. पण तो माझ्याकडे बघत राहतो, उत्तर अर्धवट आहे हे कळलेल्या मुलासारखा.

"आणि संध्याकाळी?"

मग मी सांगतो. स्मशानातून मधू थेट दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयात गेला. तिथे नवं उपरणं घातलं, फोटो काढले. वर्षभरात मैदानाला पत्रे लागले. आता तिथे टॉवर उभा राहतोय.

केणी गेरूत बोटं बुडवतो.

"मास्तर, मध्ये आंघोळ तरी केली होती का त्याने?"

"नाही."

तो डबा खाली ठेवतो. बोटं माझ्या डाव्या खांद्यावर टेकतो. "तू मागे होतास. डावीकडे."

"हो."

फाटकाची कडी वाजते. मुलं चपला काढून आत येतात, सतरंजीवर बसतात. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, डाव्या खांद्याला, गेरूची चार बोटं उमटलेली आहेत. अजून ओली.

मी सदरा बदलत नाही. खडू घेतो आणि आधी कोळीवाडा काढतो.