दगडाला बांधलेलं पाणगवत

नोकरीतली माझी पहिली कामगिरी म्हणजे मी एक नांदता तलाव ओसाड केला.

मासेमारीच्या खात्यात नुकताच लागलो होतो. खांडबाऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेचा एक तलाव माझ्याकडे दिला होता. वरचे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि मला जागेवर बसवेना. तळातलं पाणगवत पाहून हात शिवशिवत होते. पंधरा माणसं लावून सगळं उपटून काढलं. तलाव आरशासारखा झाला. साहेब आले, वाकून पाहिलं, भांग सारखा केला आणि गेले.

पावसाळ्यात मरळ दिसेना. हा मासा पाणगवतात जागा करून अंडी घालतो, हे काठावरच्या सात झोपड्यांना ठाऊक होतं. मलाच तेवढं नव्हतं. तिथला एक म्हातारा भिल्ल मासेमारीत मुरलेला; घरात भिली बोलायचा, माझ्याशी अहिराणी.

"साहेब, मासासनं घर उपटी टाकं तुम्ही. आते अंडा कोठे घालतीन त्या? तुम्हनी टोपीमा?"

मासे नाहीत तर सातही घरं गुजरातेत मजुरीला जाणार होती. मी छाती काढून सांगून टाकलं, "बाबा, पुढच्या पावसाआधी सगळं गवत परत लावतो!"

माझ्यापाशी विद्या होती ना! कोकणच्या किनाऱ्यावर तीन महिने शिकून आलो होतो. तिथे ओहोटीला समुद्रातलं जंगल पाहिलं होतं, खडकाला घट्ट चिकटून लाटांवर डुलणारं. जिथे ते नष्ट झालं होतं तिथे समुद्री शेवाळाच्या फांद्या दगडांना बांधून पुन्हा सोडत. मग मीही शेजारच्या नाल्यातून पाणगवत आणलं, एकेक जुडी सुतळीने दगडाला बांधली आणि तलावात सोडली. आठवडाभर सुतळी, दगड, सुतळी, दगड. म्हातारा काठावर विडी ओढत बघत होता. पंधरा दिवसांत गवत कुजून वर आलं. दगड शाबूत.

"दगड काय खाई ते गवत?" म्हातारा म्हणाला. "तेले चिखल लागस, साहेब."

समुद्रातलं शेवाळ खडकाला नुसतं धरून राहतं; आमच्या तलावातल्या गवताला मुळं होती आणि मुळांना माती हवी होती. हे शिकवायला कोणी किनाऱ्यावर नेत नाही. मग म्हाताऱ्याने नाल्यातलं गवत चिखलासकट उचललं, चिखलाचे गोळे केले आणि गुडघाभर पाण्यात शिरून टाचेने एकेक तळात दाबला. मी मागोमाग दाबत गेलो.

इथवर ठीक होतं. पण मला धीर कुठला? रोज सकाळी पाण्यात उतरायचं, एखादी जुडी उपटायची, मूळ धरलं का बघायचं, पुन्हा दाबायची. एप्रिल आला, पाणी ओसरू लागलं. मी दाबलेली निम्मी रोपं पिवळी पडली, म्हाताऱ्याची हिरवीगार. त्याने एकदा मला रंगेहाथ पकडलं.

"रोज उपटी दखशात तर मूळ कसं धरी? बाहेर निंघा! काठी ल्या, म्हशी हाकला."

अशा रीतीने सरकारी नोकर दोन महिने गवतात शिरणाऱ्या म्हशी हाकत बसला. पाणी रोज वीतभर मागे सरकल्यासारखं वाटायचं. मी काठावर येरझारा घालून पायवाट पाडली. वैशाखात दोन घरांनी वाट पाहणं सोडलं, भांडी टोपल्यांत भरली आणि गेली. जाताना त्यातल्या एका बाईने मला रामराम केला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आषाढात एका सकाळी म्हाताऱ्याने माझं मनगट धरून मला खाली बसवलं. गवताच्या वर पाण्यात तांबड्या पिल्लांचा गोळा हलत होता, खाली मरळीची काळी पाठ. गवत जेमतेम एका कोपऱ्यात तगलं होतं.

"आम्ही पाच घर ऱ्हाऊत," तो म्हणाला.

मी लगेच विचारलं, "आणि त्या दोन घरांना निरोप धाडायचा का?"

"पिल्ला मोठा होऊ द्या," तो म्हणाला. मनगट त्याने सोडलं नव्हतं.