न तोडलेली कामिनी

विमलावहिनी गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी चहा गाळत होतो. फोन ठेवला आणि गाळलेला चहा पुन्हा पातेल्यात ओतला… का, ते अजून कळलेलं नाही. वहिनींच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं, 'का' ते कळायचंच नाही.

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या थोरल्या भावाची, दादाची, तिथल्या कचेरीत बदली झाली. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होतो. वहिनींचं माहेर उदगीरचं. अंगणात त्यांनी पहिल्यांदा लावलं ते कामिनीचं झुडूप. याला लालभडक फळं धरतात, बुलबुल येतात, असं त्या हौसेनं सांगायच्या. आणि रोज सकाळी परडी घेऊन त्याचं फूल न् फूल पिंडीसाठी खुडायच्या! मग फळं धरणार कुठून? मी चिडवायचो, "वैनी, बुलबुलाला काय विभूती खाऊ घालणार?"

"महादेवाला न्हाई कसं म्हनू, भाऊजी?" एवढंच उत्तर.

मग दुष्काळ पडला. टँकर आला की आम्ही हंडे घेऊन पळायचो. भांडी विसळलेलं पाणी वहिनी झुडपाला घालायच्या. शेजारीण ओरडली, "प्यायला पानी न्हाई अन् शोभेच्या झाडाला घालून राहिलात!" वहिनींनी उरलेलं पाणीही मुळाशी ओतलं. तशातही झुडूप फुललं. त्या परडी घेऊन आल्या, थबकल्या आणि रिकाम्या हातानं आत गेल्या. त्या हंगामात महादेवाची नुसत्या बेलपानावर बोळवण झाली. फळं लाल झाली, बुलबुलांनी फस्त केली. घरात कुजबुज, की ही देवावर रुसली. दादा म्हणे, पाखरांची कीव आली असेल. शेवटी मीच विचारलं.

"तोडू वाटलं न्हाई, भाऊजी." आणि त्या बेलपानं निवडायला बसल्या. पाऊस झाला आणि परडी पुन्हा रोज भरू लागली. मी मात्र इतकी वर्षं त्या उत्तरापाशीच घुटमळतो आहे… रुसवा होता, की माया?

काल लातूरला आलो. आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात; आज त्यांच्या समाधीवर फुलं न्यायची आहेत. पुतण्यानं खुंटीवरची जुनी परडी हातात दिली. "काका, आईची कामिनी फुललीय. सगळी तोडून घ्या."

झुडूप पांढरंशुभ्र झालंय. वहिनींना काय आवडलं असतं? त्यांची फार आठवण येते आणि रागही येतो, नीट सांगून का नाही गेल्या. मी परडी तशीच रिकामी खुंटीला अडकवली.

"का हो काका?" पुतण्यानं विचारलं.

"तोडू वाटलं नाही रे," मी म्हणालो.