पाहुणीचा डबा

मुलांनो, काल तुम्ही फोटो पाठवलात. मित्राकडे मेजवानी, आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरून नेलेलं भांडं. तो पाहून आमच्या शाळेतल्या शिपाईबाई आठवल्या. त्यांच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता लिहिते, कारण मी विसरायला लागले आहे.

"जेवल्याबिगर जाऊ नोका." हे त्यांचं वाक्य. शाळेत पोस्टमन आला तरी हेच. डब्यात एकच भाकर असली तरी हेच.

१९९९ साली तुमच्या आजोबांची बदली झाली आणि मी पुण्याहून गोंदियाला आले. शाळेत इंग्रजी शिकवू लागले. मला सगळं सांगून आणि वेळेवर लागे. त्या मात्र निरोप न देता घरी येत. "फोन करून येत जा," मी एकदा म्हटलं.

"कायले? तुम्ही घरीच त असता."

दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, नाटक, आणि घरोघरी पाहुणे. त्यांचं गाव दवनीवाडा. दरवर्षी त्या सगळ्या स्टाफला बोलावत. घर बौद्धांचं. शाळेत त्यांच्या हातचं पाणी सगळे पीत. मंडईच्या दिवशी मात्र प्रत्येकाला काही काम निघे.

दुसऱ्या वर्षी मी गेले. शाळेतलं कोणी पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, खाटेवर नवी चादर घातली. शेजारणी दारात उभ्या राहून पाहत होत्या. "आमच्या म्याडम. पुण्याच्या," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. ताटात आयते आले, म्हणजे तांदळाची पातळ धिरडी, आणि कोंबडीचा रस्सा.

मी पिशवीतून माझा पोळीभाजीचा डबा काढला. उकळलेल्या पाण्याची बाटली काढली. आदल्या वर्षी कावीळ झाली होती, तेव्हापासूनची सवय.

शेजारणी माझ्या डब्याकडे पाहू लागल्या.

"हे काऊन, म्याडम?"

"मला बाहेरचं सोसत नाही."

"बरं."

ताट आत गेलं. निघताना त्या नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचा क्लार्क हसत म्हणाला, "हम तो गये ही नहीं, म्याडम. तुम्ही त जाऊन डबा उघडला. आमच्याहून पक्क्या निघाल्या!"

तेव्हा कळलं, त्या दारातल्या बायकांनी काय पाहिलं. कावीळ झाली होती, एवढं शिपाईबाईंना जाऊन सांगायचं होतं. मी वह्या तपासत बसले.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला नाही. बाकी सगळ्यांना देत. राग नव्हता. मला सोसत नाही, हे मीच सांगितलं होतं. अशी सात-आठ वर्षं गेली.

मग २००८ साली मी परदेशात तुमच्याकडे आले. परत गेल्यावर स्टाफरूममध्ये सांगत होते, की तिकडे पाहुणा स्वतःच्या घरून जेवण घेऊन येतो. त्या दारात झाडू धरून ऐकत होत्या.

"मंग बोलावते कायले?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "म्हंजे तुम्ही आमच्या घरी तिकडची मंडई केली व्हती."

मी त्यांना काविळीचं सांगितलं. म्हटलं, "चुकलंच माझं. यंदा येते. डबा न घेता."

"या. फोन करू नोका."

त्या दुपारी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी प्यायले.

त्या वर्षी मंडईच्या दिवशी आजोबा दवाखान्यात होते. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर मला जमलं असतं, पण मी गेले नाही. कारण शोधून पाहिलं, सापडत नाही. मग एका सकाळी त्या गेल्याचं कळलं.

बारा-तेरा दिवसांनी मी दवनीवाड्याला गेले. सुनेनं पाय धुवायला पाणी दिलं. "जेवल्याबिगर जाऊ नोका," ती म्हणाली. वरणभात होता. मी जेवले. चव आठवत नाही. रडूही आलं नाही.

मंडई अजून भरते. सून अजून बोलावते, आणि मी फोन न करता जाते. तो डबाही आहे. त्यात मी सुया-दोरे ठेवते.